खुराक कोणी दिला? खेळ, औषध आणि संमतीचा इतिहास



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या व्याख्यानाचं नाव 'क्रीडाक्षेत्रातील माहितीपूर्ण संमतीचे नीतिशास्त्र' असं छापलं आहे. नाव जड आहे, प्रश्न मात्र साधा आहे. एखाद्या खेळाडूच्या शरीरात काहीतरी जातं: गोळी, इंजेक्शन, पावडर किंवा नुसतं खोकल्याचं औषध. ते त्याच्या संमतीने गेलं का? आणि 'संमतीने' म्हणजे नेमकं काय? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तरी आज इतिहासाच्या वाटेने जाणार आहे. संमती ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. ती न्यायालयांत, दवाखान्यांत, तुरुंगांत आणि मैदानांवर हळूहळू घडली आहे आणि अजून घडतेच आहे.

सुरुवात कायद्यापासून करू. १८६० ची भारतीय दंड संहिता तुम्हाला माहीत आहे. तिच्या ८७ व्या कलमात असं म्हटलं होतं की अठरा वर्षांवरील माणसाने संमती दिली असेल, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी कलमाखाली उदाहरण दिलं ते तलवारबाजीचं. दोन माणसं करमणूक म्हणून तलवारबाजी खेळायचं ठरवतात. नियमाने खेळताना एकाला लागलं, तर दुसरा गुन्हेगार नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. आपल्या विद्यापीठाच्या परिसरात क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे मुलंमुली तलवारबाजी शिकतात. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की भारतीय कायद्याने संमतीचा अर्थ त्यांच्याच खेळावरून समजावला आहे?

त्या उदाहरणात दोन अटी दडलेल्या आहेत, त्या नीट पाहा. पहिली अशी की दोघांनाही धोका दिसतो आहे. तलवार समोर आहे, ती लागते हे दोघांना माहीत आहे. दुसरी अट 'नियमाने' ही. समोरच्याने पात्याला विष लावलं असेल, तर माझी संमती त्या विषाला नव्हती. त्याच संहितेचं ९० वं कलम सांगत होतं की भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला ते ठाऊक असेल तर, संमतीच नव्हे. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या कायद्याकडे दोन्ही कसोट्या होत्या: माहिती हवी आणि मोकळीक हवी. आजचं सगळं व्याख्यान या दोन शब्दांवर उभं आहे.

आता दवाखान्याकडे वळू. १९०० साली क्युबामध्ये वॉल्टर रीड या अमेरिकन लष्करी डॉक्टरने पीतज्वरावर प्रयोग केले. त्याने स्वयंसेवकांकडून लेखी करार घेतले, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. त्यात धोका सांगितला होता, आणि शंभर डॉलर सोन्यात देण्याचं वचनही होतं. आजारी पडल्यास आणखी शंभर. स्पेनहून पोट भरायला आलेल्या मजुराला हा करार ठेवला, तर त्याची सही किती मोकळी? हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पुढे नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत माणसांवर प्रयोग केले, त्यांच्यावर खटला चालला, आणि १९४७ च्या न्यूरेंबर्ग निकालात दहा तत्त्वं मांडली गेली. पहिलंच तत्त्व स्वेच्छेच्या संमतीचं. 'माहितीपूर्ण संमती' हा शब्दप्रयोग १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका निकालातून रूढ झाला. १९६४ साली हेलसिंकी जाहीरनामा आला.

आपल्याकडे या विषयावरचा महत्त्वाचा निकाल २००८ चा, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. एक प्रौढ स्त्री तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर आहे. बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्ण प्रौढ आहे, समर्थ आहे, तातडीचा जीवघेणा प्रसंग नव्हता, तेव्हा आईची संमती चालणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. आई कितीही जवळची असो, कितीही मायेने हो म्हणाली असो, तिचा होकार हा मुलीचा होकार नव्हे. मला पुढे आईच्या जागी वस्ताद बसवून पाहायचा आहे.

दवाखान्यात इतकं सगळं होत असताना मैदानावर काय चाललं होतं? १९५८ साली अमेरिकेत सिबा कंपनीने मेथँडिएनोन नावाचं औषध बाजारात आणलं, व्यापारी नाव डायनाबोल. जॉन झिगलर नावाच्या डॉक्टरने ते वेटलिफ्टरना दिलं. काही जणांनी सांगितल्याच्या कितीतरी पट गोळ्या खाल्ल्या, आणि हे आपण काय सुरू करून दिलं याचा झिगलरला पुढे पश्चात्ताप झाला. मेथँडिएनोन हे नाव विसरू नका. पन्नासेक वर्षांनी ते सोनीपतला भेटणार आहे.

खरा काळा अध्याय पूर्व जर्मनीचा. १९७४ पासून तिथे सरकारी योजना राबवली गेली, तिचा क्रमांक १४.२५. येनाफार्म या सरकारी कारखान्यात ओरल ट्युरिनाबोल नावाच्या निळ्या गोळ्या बनत. हजारो खेळाडूंना त्या दिल्या गेल्या, अंदाज दहा हजारांच्या आसपासचा आहे. त्यांत शाळकरी मुली होत्या. त्यांना सांगितलं जाई, ही जीवनसत्त्वं आहेत. डॉक्टरांना दुष्परिणाम माहीत होते. त्यांनी ते टिपून ठेवले, फायली बांधल्या. देश कोसळल्यावर वेर्नर फ्रांके आणि ब्रिगिट्टे बेरेनडोंक या पतिपत्नींनी त्या कागदपत्रांचा माग काढला. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवलं. आरोप काय होता? खेळात फसवणूक केली हा नव्हे. शरीराला इजा पोहोचवायला साहाय्य केलं, हा. दंड संहितेच्या भाषेत बोलायचं, तर पात्याला विष लावल्याचा.

त्या खटल्यात आंद्रेआस क्रीगर यांनी साक्ष दिली. १९८६ साली त्या हायडी क्रीगर या नावाने महिलांच्या गोळाफेकीत युरोपीय विजेत्या होत्या. पुढे त्यांनी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांचं म्हणणं फार विचार करायला लावणारं आहे. स्वतःच्या लिंगओळखीविषयी मनात आधीपासून संभ्रम होता, हे ते मान्य करतात. पण आपण कोण आहोत हे आपलं आपण शोधण्याचा हक्क त्या गोळ्यांनी हिरावून घेतला, ही त्यांची तक्रार आहे. इजा झाली हे तर खरंच. त्याहून खोल तक्रार ही की निर्णय माझा होता आणि तो दुसऱ्याने घेतला. संमतीचं तत्त्व का हवं, याचं इतकं नेमकं उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत क्वचितच मिळालं.

आता आपल्या घरात येऊ. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी चार गुणिले चारशे मीटर रिलेत सुवर्ण जिंकलं. २०११ च्या उन्हाळ्यात त्या संघातल्या अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर, सिनी जोस आणि इतर काही ॲथलीट उत्तेजक चाचणीत सापडल्या. पुढे आलेल्या नावांत मेथँडिएनोन होतंच. युक्रेनियन प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांना काढून टाकण्यात आलं. मुलींनी सांगितलं की प्रशिक्षकांनी चीनहून आणलेलं जिनसेंग आम्ही घेतलं, त्यात भेसळ असावी. भारतातल्या समितीने त्यांच्याकडे मोठा दोष नाही असं धरून एक वर्षाची बंदी घातली. २०१२ साली लोझानच्या क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. लवादाचा रोख असा, की डबीत काय आहे ते तुम्ही विचारायला हवं होतं.

बरोबरच आहे. पण मित्रहो, विचारायचं कोणाला? आणि कोणत्या तोंडाने?

इथे मला तालमीचा विषय काढावा लागेल. १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी आपल्याच शहरात झाली, दिनकर दह्यारी तिथे जिंकले. कुस्ती ही आपल्या मातीची गोष्ट आहे. तालमीत वस्ताद असतो आणि पठ्ठा असतो. पोरगं दहा-बारा वर्षांचं असताना बाप त्याला वस्तादाच्या पायावर घालतो. कधी उठायचं, किती जोर, किती बैठका, कोणाशी लढायचं, सगळं वस्ताद ठरवतो. आणि खुराकही तोच ठरवतो. दूध, तूप, बदामाची थंडाई. वस्तादाने पेला पुढे केला, तर पठ्ठा 'यात काय आहे?' असं विचारत नाही. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. या विश्वासानेच आपली कुस्ती मोठी झाली, त्याची चेष्टा मी करणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या काळात पेल्यात बदामच असत, त्या काळातली ही रीत आहे. पेल्यात रसायन येऊ लागलं आणि रीत तीच राहिली.

म्हणून समीरा कोहली निकाल मला इथे महत्त्वाचा वाटतो. आईचा होकार जर मुलीचा होकार नसेल, तर वस्तादाचा होकार पठ्ठ्याचा कसा होईल?

नरसिंग यादव यांची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मुंबईत वाढलेला मल्ल, २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी. २०१५ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून त्यांनी देशाला ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. सुशीलकुमार यांनी निवड चाचणी मागितली, दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये ती नाकारली. त्याच महिन्यात सोनीपतच्या शिबिरात नमुना घेतला आणि त्यात मेथँडिएनोन सापडलं. यादव म्हणाले, माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळलं. 'नाडा'च्या समितीने १ ऑगस्टला त्यांना निर्दोष ठरवलं. जागतिक संस्था 'वाडा' लवादाकडे गेली. १८ ऑगस्टला, रिओमधल्या लढतीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. तज्ज्ञांचा पुरावा पाहता हे एकदाच पाण्यात मिसळलेल्या पावडरीशी जुळत नाही, गोळीच्या रूपात एकापेक्षा अधिक वेळा घेतल्याचीच शक्यता जास्त, असं लवादाने म्हटलं. भारतात पोलीस तक्रार झाली, तपास सीबीआयकडे गेला. यादव यांनी आपलं म्हणणं बदललं नाही.

खरं-खोटं इथे ठरवायला मी बसलेलो नाही. मला या प्रकरणाची रचना दाखवायची आहे. एकाच माणसाबद्दल, एकाच नमुन्यावरून, अठरा दिवसांत दोन उलट निकाल लागले. दोन्ही निकालांच्या मुळाशी प्रश्न एकच होता: त्याने ते जाणूनबुजून घेतलं का? पण उत्तेजकांच्या नियमांत हा प्रश्न पहिला नसतो. तिथे कडक जबाबदारीचं तत्त्व चालतं. शरीरात सापडलं म्हणजे उल्लंघन झालं. कसं आलं, हे खेळाडूने सिद्ध करायचं. दवाखान्यात संमती सिद्ध करायचा भार डॉक्टरवर. मैदानावर असंमती सिद्ध करायचा भार खेळाडूवर. दोन्ही नियम शरीराबद्दलच आहेत, पण तोंडं विरुद्ध दिशांना आहेत.

हा नियम अन्यायाचा आहे का? पूर्णपणे नाही. तो नसेल तर प्रत्येक जण 'कोणीतरी मिसळलं' म्हणेल आणि एकही प्रकरण टिकणार नाही. मुंबईचा तरुण फलंदाज पृथ्वी शॉ २०१९ मध्ये टर्ब्युटालिनसाठी सापडला. ते खोकल्याच्या साध्या औषधातही असतं. क्रिकेट मंडळाने चूक अनवधानाची होती हे मान्य केलं आणि तरीही आठ महिन्यांची बंदी दिली, तीही मागच्या तारखेपासून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंडळ 'नाडा'च्या कक्षेत यायला तयार झालं. म्हणजे नियम कडक असला तरी शिक्षा ठरवताना हेतू पाहिला जातो. २०२१ च्या जागतिक संहितेने आणखी एक पाऊल टाकलं. 'संरक्षित व्यक्ती' असा वर्ग केला, त्यात मुख्यतः अल्पवयीन खेळाडू येतात. दोष कमी ठरवून घेण्यासाठी पदार्थ शरीरात कसा आला, हे त्यांना सिद्ध करावं लागत नाही. दवाखान्यातली संमतीची कल्पना अशी हळूच मैदानात शिरते आहे.

आता एक मोठा आक्षेप घेऊ. तत्त्वज्ञांपैकी काही, उदाहरणार्थ ज्युलियन सावुलेस्कू, असं मांडतात की बंदीच कशाला? प्रौढ खेळाडूला पूर्ण माहिती द्या, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेऊ द्या, शरीर त्याचं आहे. युक्तिवाद सहज झटकण्यासारखा नाही. ज्या तत्त्वावर आपण पूर्व जर्मनीला दोषी ठरवलं, तेच तत्त्व हा माणूस वापरतो आहे. मग उत्तर काय?

पहिलं उत्तर माहितीचं. पूर्व जर्मनीत देणाऱ्याला सगळं माहीत होतं आणि घेणाऱ्याला काहीच नाही. आज जिममध्ये देणारा आणि घेणारा दोघेही अंधारात असतात. खेळाडू घेतात त्या मात्रेत, त्या मिश्रणात, इतकी वर्षं घेतल्यावर काय होतं, याची शास्त्रीय चाचणी कोणी करू शकत नाही, कारण अशी चाचणी करणंच अनैतिक ठरेल. जी माहिती अस्तित्वातच नाही ती देऊन संमती घ्यायची कशी?

दुसरं उत्तर मोकळिकीचं, आणि ते मला मराठवाड्यातल्या उसाच्या फडातून द्यायचं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आता पाहा, यातल्या बहुतेक जणींच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही किंवा अंगठा असणारच. मग संमती होती, असं म्हणायचं का? उचल घेतलेली आहे, एक दिवसाचा खाडा झाला तर दंड आहे, पाळी म्हणजे खाडा, फडावर पाणी नाही, संडास नाही, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. शेजारच्या कोयत्यावरच्या बाईने काढली, ती खाडा न करता तोडते आहे. मग मुकादम माझ्याकडे कसं पाहणार? इथे एकीचा होकार दुसरीचा नकार महाग करतो.

स्पर्धेत नेमकं हेच होतं. मी एकट्याने गोळी घेतली, तर तो माझ्या शरीरापुरता निर्णय राहत नाही. माझ्याशी लढणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असतो, घे नाहीतर घरी जा. 'माझं शरीर, माझा निर्णय' हे वाक्य एकांतात खरं आहे. रांगेत उभं राहिल्यावर ते अपुरं पडतं. म्हणून मला बंदीचा खरा आधार 'नैसर्गिक खेळ' या गोड कल्पनेत दिसत नाही. नाही म्हणू पाहणाऱ्याला नाही म्हणता यावं, यात तो दिसतो.

यावर तुम्ही म्हणाल, प्रोफेसर, मग कठोर सरावाचं काय? मल्ल वजन उतरवताना दोन दिवस पाणी तोडतात, तीही सक्तीच. मान्य आहे. तिथेही हाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि मी विचारतो. फरक एवढाच की सरावाची इजा तलवारीसारखी समोर दिसते, दुखलं की थांबता येतं. रसायनाची इजा दहा वर्षांनी यकृतात, हृदयात, अपत्य न होण्यात दिसते. हा फरक दर्जाचा नाही, मात्रेचा आहे. पण कधी कधी मात्रा मोजूनच निर्णय घ्यावा लागतो.

शेवटी आजच्याबद्दल. 'वाडा'च्या २०२३ च्या आकडेवारीत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले; मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचं होतं. २०२२ साली संसदेने उत्तेजकविरोधी कायदाही केला. पण चाचणी होते ती नोंदणीकृत खेळाडूची. आपल्या भागात पहाटे रस्त्यावर पळणारी हजारो पोरं कोणत्याच यादीत नाहीत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पन्नास गुण: सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. काही सेकंदांवर नोकरी, नोकरीवर लग्न, लग्नावर बापाची झोप. भरतीच्या मैदानाजवळ सिरिंज आणि गोळ्या सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मेफेंटरमाइनचं इंजेक्शन, जे शस्त्रक्रियेत रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ वापरतात, ते जिमच्या पोरांच्या खिशात सापडतं. इथे ना वाडा आहे, ना नाडा, ना लवाद. इथे फक्त तो पोरगा आहे आणि त्याच्या पुढे सिरिंज करणारा ओळखीचा दादा.

या पोराला नीतिशास्त्राचा ग्रंथ देऊन उपयोग नाही. त्याला चार प्रश्न विचारायची सवय लावता येईल. यात काय आहे, नाव लिहून दे. हे मूळ कोणत्या आजारावर देतात? मला काही झालं तर तू दवाखान्यात माझ्यासोबत येशील का? आणि मी नाही म्हणालो, तर उद्यापासून मला सरावाला घेशील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या तीन उत्तरांना काही अर्थ उरत नाही.

इथे बसलेल्यांत प्रशिक्षक आहेत, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आहेत, ॲकॅडमी चालवणारे आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. हे प्रश्न पोराने विचारायची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी, बापाच्या समोर, तुम्हीच सांगा की माझ्याकडे जे मिळेल त्याचं नाव विचारायचा तुला हक्क आहे आणि विचारल्याने माझा मान कमी होणार नाही. असं बोलणाऱ्या वस्तादाचा मान वाढतो, असा माझा अनुभव आहे.